बिजागरी

सर म्हणाले, पोरगी जोर फार लावते
आणि चेंडू जात नाही.
एवढं बोलून ते दुसऱ्या पोरांकडे वळले.

मी घणसोलीच्या मैदानाबाहेर, जाळीला टेकून,
अंगावर अजून रबाळ्याच्या कारखान्याचा निळा शर्ट.
सत्तावीस वर्षं प्रेस मशीन दुरुस्त करतोय.
जोर लावूनही काम होत नाही, ही तक्रार
माझ्याकडे रोज येते.
बहुतेक वेळा जोराचा दोष नसतोच.

म्हणून लतिशाची किक मोबाइलवर घेतली
आणि रात्री ताटावर बसून
बोटानं पुढे-मागे सरकवत राहिलो.
आमटी गार झाली.
बायको म्हणाली, पोरीचा पाय हाय तो, मशीन नाय.
म्हटलं, बघ तर खरं.

शेवटचं पाऊल आखूड पडतंय.
टेकलेला पाय चेंडूच्या मागेच राहतोय,
म्हणून अंग मागे कलतं, म्हणून चेंडू वर जातो,
विजेच्या तारांकडे, जिथे कुणाचाच गोल नाही.
घोटा सैल. चेंडूला लागताना पाऊल लटपटतं,
नट ढिला झालेल्या हँडलसारखं.
डावा हात अंगाला चिकटलेला,
जणू त्यात कुणाची ठेव सांभाळायला दिलीय.

त्याच व्हिडिओत, कोपऱ्यात, उमैर नावाचा एक काटकुळा पोरगा.
त्याच्यावर आलो आणि हातातला घास ताटात ठेवला.
खुब्यातून मांडी निघते, झोकात,
गुडघा दुमडलेला, टाच पार मागे,
आणि चेंडूपाशी येता येता
मांडी मंदावते.
जवळजवळ थांबतेच.
तिचा वेग खाली नडगीत उतरतो
आणि नडगी सुटते.
आसूडाची मूठ थांबते तेव्हाच टोक कडाडतं, तसं.

लतिशाचा गुडघा मध्ये दुमडतच नव्हता.
सगळा पाय एकदम ढकलत होती, ओंडक्यासारखा.
बिजागरी आहे, पण गंजलेली.

रविवारी आम्ही दोघं धारण तलावाच्या पंपहाउसशी.
भरती ओसरलेली, चिखलाचा वास.
लोखंडावर खुणा करायच्या खडूनं
भिंतीवर चौकोन काढला.
आधी कठड्यावर बस, म्हटलं, पाय लोंबकळू दे,
नुसती नडगी हलव. जोर नको. झोका.
मग उभी राहा. धावायचं नाही, एकच पाऊल.
डावा पाय चेंडूच्या शेजारी, मध्ये वीतभर जागा,
बोटं चौकोनाकडे, गुडघा थोडा मऊ.
उजवा घोटा ताणून कुलूप लाव.
मारायचं लेसखालच्या हाडानं, बोटांनी नव्हे.
चेंडू गेला तरी नजर क्षणभर तिथेच राहू दे.
असे वीस. मग तिरकं येऊन तीन पावलं, शेवटचं लांब.
पासचं वेगळं. तिथे खुबा बाहेर वळतो,
पाऊल फाटकासारखं आडवं होतं.
ते पुढच्या रविवारी.

अकराव्या किकनंतर ती म्हणाली, बाबा, तुम्ही मारून दाखवा.
मी सेफ्टी शूजमध्ये, पुढे पोलाद.
सगळं पाठ होतं.
शेवटचं पाऊल लांब टाकलं
आणि मांडीच्या मागे काहीतरी सर्रकन ओढलं गेलं.
मी खाली.
चेंडू घरंगळत भिंतीपर्यंत गेला, तिला जेमतेम शिवला
आणि विचारपूस करायला आल्यासारखा परत आला.
पोरीला हसून हसून उचकी लागली.

मग मी कठड्यावर बसूनच मोजत राहिलो.
धप. धप. एक बाहेर गेला, झाडीत; तो शोधला.
धप.
आणि अडतिसावा
वेगळा वाजला.
कोरडा, आखूड, कुठेही न सांडलेला आवाज.
मशीन जागेवर बसली की असा आवाज येतो,
मला तो झोपेतही कळेल.
चौकोनाची एक बाजू पुसली गेली होती.

तिनंही ऐकला असावा.
उचकी थांबली होती.
स्वतःच्या बुटाकडे बघत होती,
जणू तो कुणी दुसऱ्यानंच घातलाय.

आता डाव्यानं, मी म्हटलं.
डाव्यानं येत नाही मला.
उजव्यानं तरी कुठे येत होतं.